तेलाच्या नळ्या बदलताना

वहिनींचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळच्या मेडनहेड स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते. त्या एवढंच म्हणाल्या, "गेले गं." मी विचारलं, "श्वासाचा मास्क लावलेला होता ना?" तेव्हा हेच का सुचलं कोण जाणे... जणू मास्क लावलेला असला की माणूस जाऊच शकत नाही. "होता," वहिनी म्हणाल्या. "वीजही होती. सगळं होतं." माझी ट्रेन आली, दारं उघडली, मिटली आणि ती निघून गेली. मी तिथेच उभी.

विनूदादा माझा आत्येभाऊ, वयाने बराच मोठा. नागपूरला डॉक्टर होऊन तो या देशात आला, आणि बाकीचे सगळे लंडनच्या आसपास घरं शोधत असताना हा पठ्ठ्या स्कॉटलंडच्या डोंगरात, एका दरीतल्या खेड्यात जीपी होऊन बसला. "तिथे काय आहे?" असं घरचे विचारायचे. "पेशंट आहेत," असं तो सांगायचा. हिवाळ्यात रस्ते बंद झाले की त्या पेशंटपर्यंत पोहोचायचं कसं, म्हणून त्याने बंद पडलेल्या एका स्की सेंटरकडून जुनी स्नोमोबाइल घेतली होती. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, आणि बॉनेटचा पिवळा रंग उडून पांढुरका झालेला. माझ्या जन्माआधीचं मशीन. बॅग पाठीला बांधून तो त्यावरून घराघरांत जायचा, कधीकधी मागे वहिनी बसलेल्या असायच्या. पुढे हिवाळे सौम्य होत गेले, तो रिटायर झाला आणि मशीन गॅरेजमध्ये धूळ खात पडलं.

त्याचा आजार आधी त्यालाच कळला. शर्टाचं बटण लागेना. मोटर न्यूरॉन डिसीज, एकेक करत सगळे स्नायू निकामी होत जातात. पुढे काय काय होणार हे त्याला पाठ होतं, कारण तेच त्याने इतरांना समोर बसवून सांगितलं होतं. मी ऑफिसकडून रिमोट काम मागून घेतलं आणि शरद ऋतूत तिकडे राहायला गेले. पोहोचले त्या दिवशी तो चहाच्या कपाकडे बघत बसला होता. उचलता येत नव्हता, आणि उचलून द्या असं तो म्हणत नव्हता. एकदम बोलला, "मला मरायचं नाहीये गं." शब्द जड झाले होते, पण हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. स्वयंपाकघरात वहिनींनी नळ उगाचच मोठा केला.

दुसऱ्या दिवशी त्याने व्हीलचेअर गॅरेजमध्ये न्यायला लावली. "तेलाच्या नळ्या बदलायच्या आहेत. हात तुझे." मला राग आला. दिवस मोजायची वेळ आलेली, आणि हा जुन्या मशीनच्या नळ्या घेऊन बसलाय! वहिनी म्हणाल्या, "अहो, कशाला आता?" तो म्हणाला, "मग काय करू? बसून राहू?"

या इंजिनाला पेट्रोलबरोबर तेलही जळायला लागतं. ते टाकीतून एका नळीने पंपात येतं आणि पंपातून दोन बारीक नळ्यांनी इंजिनात जातं. जुन्या नळ्या कडक होऊन ठिकठिकाणी तडकल्या होत्या. तड्यांतून हवा शिरली की तेल पोहोचत नाही आणि इंजिन जॅम होतं. मी पहिलीच नळी धरून ओढली, तसा तो ओरडला. "ओढू नको! पंपाचं टोक तुटेल. उभी चीर दे." मी चीर दिली, नळी सालीसारखी निघाली. नवी नळी काही केल्या चढेना. "गरम पाण्यात बुडव. हां... आता दाब." माझी बोटं सोलली. तो खुर्चीतून माझ्या हातांकडे असा बघायचा की मला ते आपले वाटेनासे व्हायचे. एकदा क्लिप हातातून सुटून कुठेतरी गेली, तर तो रडायलाच लागला. क्लिपसाठी नव्हे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी गुडघ्यांवर बसून ती शोधत राहिले, सापडल्यावरही जरा वेळ शोधतच राहिले.

शेवटी पंपाचा छोटा स्क्रू सैल करून हवा काढायची होती. तेलात बुडबुडे येत होते. "अजून," तो म्हणायचा. "अजून..." बुडबुडे थांबले तेव्हा स्क्रू आवळायला लावला, आणि खबरदारी म्हणून पेट्रोलच्या टाकीतही थोडं तेल मिसळायला लावलं. इंजिन चालू करायची दोरी ओढून ओढून माझा खांदा गेला, आणि मग निळा धूर सोडत ते मशीन धडधडायला लागलं. दादाने डोळे मिटून घेतले.

जानेवारीत वादळ आलं. इतका बर्फ त्या दरीत कित्येक वर्षांत पडला नव्हता. झाडं पडली, रस्ता बंद, वीज गेली, फोन गेले. तोवर दादाचा श्वास मास्कच्या मशीनवर चालत होता. बॅटऱ्या दोन होत्या. सकाळी त्यातली एक संपली आणि वीज परत येण्याचं चिन्ह दिसेना. जनरेटर होता तो यूअनकडे. यूअन हा मेंढ्या पाळणारा शेजारी, पण शेजारी म्हणजे दरीच्या पलीकडच्या टोकाला. त्याचा ट्रॅक्टर पडलेल्या झाडांतून येणं शक्य नव्हतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. दादाने मास्कमागून गॅरेजच्या दिशेने फक्त नजर वळवली.

मी त्या मशीनवर एक-दोनदाच फिरले होते, तेही अंगणातल्या बर्फावर. रिकामी बॅटरी जॅकेटच्या आत बांधली आणि शेतांतून निघाले. कुंपणं बर्फाखाली गेली होती, जमीन कुठली आणि आभाळ कुठलं ते कळत नव्हतं. मधल्या चढावर इंजिन बंद पडलं. दोरी ओढली, काही नाही. पुन्हा ओढली, काही नाही. पेट्रोलचा भपकारा आला. मी मोठ्याने रडले, दादाला शिव्या दिल्या, त्याच्या आजाराला दिल्या. मग त्याचंच बोलणं आठवलं. पेट्रोल जास्त झालं तर चोक बंद कर, थ्रॉटल पूर्ण दाबून धर आणि ओढ. ओढलं... चालू झालं.

यूअनने मला पाहिलं आणि काही न विचारता बॅटरी चार्जिंगला लावली. ती भरून मी परतले तेव्हा घरातली दुसरी बॅटरी संपत आली होती. वहिनी त्याच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. बॅटरी जोडल्यावर दादा कुजबुजला, "आवाज ऐकला. नीट चालतंय." दुसऱ्या दिवशीही मी तशाच फेऱ्या मारल्या. शेवटच्या वेळी यूअनकडे पोहोचले तोवर वीज आली आणि पाऊसही सुरू झाला. बर्फ भराभर वितळून जागोजागी गवत उघडं पडलं. गवतावर ते मशीन चालेना, म्हणून तिथेच कुंपणाला लावून मी चिखलातून पायी घरी आले.

त्यानंतर दादा तीन आठवडे होता; शेवटी शेवटी मला कामासाठी मेडनहेडला परतावं लागलं होतं. एवढी धडपड करून तीन आठवडे... मी वहिनींपाशी हे बोलून गेले, तर त्या चिडल्या. "तुला कमी वाटतात? मला विचार."

अंत्यविधीनंतर यूअन म्हणाला, ट्रेलरवर चढवून मशीन घरी आणून देतो. वहिनी नको म्हणाल्या. मागच्या रविवारी मी तिकडे होते. दुपारी त्या घरात दिसेनात, तेव्हा शोधत यूअनच्या शेतापर्यंत गेले. मेंढ्या चरत होत्या. वहिनींनी मशीनवरची ताडपत्री काढून बाजूला घडी करून ठेवली होती. त्याची सीट लांब आहे, दोघांपुरती. वहिनी मागच्या अर्ध्या भागावर बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर समोर. मी जवळ जाऊन म्हटलं, "पुढे सरका ना, मी मागे बसते."

"नको," त्या म्हणाल्या. "तू उभी राहा."