टाळूचे टाके

मी भूल देणारी डॉक्टर. सत्तरच्या दशकात आमच्या नागपूरच्या इस्पितळात हिवाळ्यात परदेशी सर्जन यायचे, फाटलेले ओठ आणि टाळू शिवायला. त्या पंधरवड्यात मोठं ऑपरेशन थिएटर त्यांचं. आमचे सर्जन हीच ऑपरेशनं वर्षभर करत. पाहुणे आले की ते मदतनीस होऊन बाजूला उभे राहत. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

पाहुण्यांच्या शेवटच्या दिवशी काटोलकडची एक बाई तीन वर्षांची पोर घेऊन आली. पोरीची टाळू जन्मापासून दुभंगलेली, त्यामुळे बोल उमटत नव्हते. आणि खोकला असा, की छाती भरल्यासारखा आवाज. खोकल्यात टाळूला हात लावायचा नाही, ताजे टाके तुटतात, हा आमच्या विभागप्रमुखांनीच घातलेला नियम होता. खोकला गेला की या, असं सांगून आम्ही कितीतरी पोरं परत पाठवली होती.

मी पाहुण्या सर्जनना स्पष्ट सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हे कबूल करायलाच हवं. पोरीची छाती तपासली, ठीक वाटली, तरी त्यांनी आमच्या प्रमुखांना विचारलं, "तुमचं काय मत?"

प्रमुख हसले. "तुम्ही म्हणाल तसं."

बाहेर आल्यावर मलाच बोलले, "पाहुण्यांना असं दारात अडवतात का?" पाहुण्याला वाढताना नाही म्हणू नये, हे मलाही घरून शिकवलेलं आहे. पण इथे ताटात पोरगी होती.

मी तिच्या आईकडे गेले. "पोरीले खोकला हाये वं. आता नको करू. बरी झाली की आमचे डॉक्टर करून देतीन."

"गोरे उद्या चालले नं, बाई. मंग कोन करन?"

आमच्यातले एक सर्जन शेजारीच उभे होते. तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

भूल मीच दिली. ऑपरेशन सुरेख झालं, त्यात खोट काढता येणार नाही. दुसऱ्या दिवशी शाली, नारळ, फोटो उरकून पाहुणे विमानतळाकडे गेले आणि पोरगी आमच्याकडे खोकत राहिली. आठवड्याच्या आत टाके तुटले. टाळूला भोक पडलं.

"त्यांना कळवू या," मी म्हटलं.

"उगाच कशाला हिरमोड करायचा?" प्रमुख म्हणाले. झालं, अळीमिळी गुपचिळी. पाहुण्यांच्या लेखी ती पोर बरीच झाली असणार. पुढच्या खोकणाऱ्या पोरालाही ते टेबलावर घेणार, कारण त्यांना चुकीचं ठरवणारं आम्ही काही पोचूच दिलं नव्हतं. याचा संताप मला आजही येतो.

आमच्या त्याच सर्जननी आईला समजावलं, काही महिन्यांनी मी भोक बुजवून देतो. ती पोरीला पदराआड घेत म्हणाली, "तुमी नका हात लावू. गोरे होते तवा पोरगी चांगली होती. तुमच्या हाती आली अन् टाके तुटले."

ती गोऱ्यांची वाट पाहत राहिली. पुढच्या हिवाळ्यात येऊन विचारून गेली, त्याच्या पुढच्याही. पाहुणे आता दुसऱ्या कुठल्या शहरात जात होते. अखेर शाळेतली पोरं चिडवतात म्हणून पोरीनं शाळाच सोडली, तेव्हा कुठे आई आमच्या सर्जनकडे आली. त्यांनी भोक असं बुजवलं की शिवण शोधावी लागावी. पण तोवर पोरीचं बोलणं नाकात मुरलं होतं, आणि ते सुधारून घेणारं माणूस आमच्या इस्पितळात नव्हतं.

तपासणीला आली तेव्हा आई म्हणाली, "गोऱ्यानं केलं असतं तं पोरगी साफ बोलली असती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात पोरगी सर्जनकडे पाहून काहीतरी बोलली. त्यांना कळलं नाही, मलाही नाही.

"काय म्हणते वं?" मी आईला विचारलं.

"आता शाळेत जाऊ का, विचारून राहिली."

सर्जन "हो, जा" म्हणाले. मला त्या 'हो'चा फार राग आला. आणि दुसरं काय म्हणायला हवं होतं, तेही मला सुचलं नाही.