कुंदाताईंनी काम घरी आणलं

सगळ्यांत आधी टपकल्या शेजारच्या मंगलाबाई. विरजण मागायचं निमित्त, डोळे मात्र दारातल्या गाडीवर. "काऊन वो आजी, डॉक्टर बोलावले का?" मी म्हटलं, "डॉक्टरच आहेत, पण कॉम्प्युटरच्या!"

त्या कुंदाताई. माझी नात प्राची कॉलेजात त्यांच्या हाताखाली कॉम्प्युटरच्या चिपा बनवते. बोरगावात आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या, तीच आमची ओळख. त्यांना साठ वर्षं झाली म्हणून कॉलेजवाले पुस्तक काढतायत, त्यात लिहा म्हणाले. मी चौथी शिकलेली, सांभाळून घ्या.

प्राची बाळंतीण. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, हा आमचा नेम. आणि तिच्या चिपेचा नकाशा शुक्रवारपर्यंत कारखान्याला पाठवायचा होता. हुकला तर एकदम पुढच्या वर्षी. पोर रडकुंडीला आलेली. मी आधीच सांगून टाकलं, "ताई, मी तिले पाठवणार नाई."

कुंदाताईंनी वाद घातला नाही. मूळच्या आष्टीच्या, बोली आपलीच. म्हणाल्या, "आजी, कॉम्प्युटरात माहिती एका चिपेत राह्यते, हिशोब दुसऱ्या चिपेत होते. वेळ अन् वीज जाते ते नेण्या-आणण्यात. म्हणून आमी माहितीच्या चिपेतच हिशोबाची जागा बसवतो. तसंच पोरगी जिथं हाय, काम तिथंच आणतो. मंग तं चालते?"

मी मान डोलावली आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी हाताखालच्या दोन मुली आणि मोठालं कॉम्प्युटर घेऊन हजर! बाजेजवळच मांडलं. मी ओव्याची धुरी घेऊन गेले तर म्हणाल्या, "थांबा आजी, मशीनले खोकला येईन!" हात धुतल्याशिवाय बाळाजवळ गेल्या नाहीत. प्राचीला उगाच घाई केली नाही. ती दमली की स्वतः तपासत बसायच्या. बाळ रडलं की एवढ्या मोठ्या बाई त्याला मांडीवर घेऊन झुलवायच्या, म्हणजे प्राचीचे हात मोकळे. त्यानं साडी ओली केली तर म्हणतात कशा, "पोरं म्हणतात, मॅडम लय कोरडं शिकवतात. आता म्हणा!"

शुक्रवारी नकाशा गेला. त्या दिवशी प्राची पोटभर जेवली, आणि माझा नेमही राहिला.

अशा कुंदाताईंना देवानं भरपूर वर्षं द्यावीत, गुडघे धड ठेवावेत, आणि त्यांच्या चिपा देशोदेशी जावोत.

सोमवारी सव्वा महिना संपतो. त्या दिवशी येते म्हणाल्यात, प्राचीला आणि बाळाला कॉलेजात न्यायला.