नकाशाच्या पानाने जुळवलेलं लग्न

राहनाळच्या गोदामांमध्ये नवे ड्रायव्हर हमखास चुकायचे, म्हणून तिथल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसाने वेबवरचा नकाशा करायला मला ठेवलं. गोदामांच्या खुणा आमच्या, रस्त्यांची माहिती मात्र दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर. ब्राउझर परक्या सर्व्हरकडून माहिती घ्यायला सपशेल नकार द्यायचा. शेवटी मी एक प्रॉक्सी पान लिहिलं. ब्राउझरने पानाकडे मागायचं, पानाने बाहेरून आणून द्यायचं. वडिलांकडे काही मागायचं असलं की आम्ही आईला पुढे करायचो, तसंच.

पान चाललं त्या दिवशी मी हवेत होतो. बिलं करणाऱ्या काकूंनाही पकडून सांगितलं, "या पानापुढे हवा तो पत्ता लिहा, ते जाऊन घेऊन येतं." ऑफिसात बाहेरच्या सगळ्या साइट बंद आहेत, हे मी विसरलो. काकू विसरल्या नाहीत.

आठवड्याभरात नकाशा रखडायला लागला. एकदा काकूंच्या मागून जाताना पाहतो तर माझ्या पानातून वधू-वरांची साइट उघडलेली! फोटो एकही नाही. माझं पान नुसता मजकूर आणायचं. माझं डोकंच फिरलं.

"काकू, हे नकाशासाठी आहे! आजच कुलूप घालतो."

"घाल रं बाबा, पन जरा थांब," काकू म्हणाल्या. "माझी थोरली पोरगी बालवाडीत शिकवते. बघायला येतो तो बोलतो, लग्नानंतर नोकरी न्हाय. पोरीनं रडून डोले सुजवलेत."

मला वाईट वाटलं. दुपारच्या डब्याच्या वेळी मीही काकूंबरोबर स्थळं वाचायला बसू लागलो. आणि एके दिवशी सापडला: नारपोलीचा एक मुलगा, 'मुलीने नोकरी चालू ठेवावी ही अपेक्षा.'

"दिसायला कसा असेल हो?" मी विचारलं.

"बोलतो तर बरा. थोबाड मंग बघू."

स्थळ जुळलं आणि लग्नात मध्यस्थ म्हणून काकूंनी मलाच पुढे केलं. टॉवेल, टोपी, नारळ! पानाला टोपी घालता येत नाही, म्हणून मी घातली आणि मनापासून खूश झालो. नवरी पाया पडून हळूच म्हणाली, "दादा, सोमवारपासून शाला हाय माझी."

त्यानंतर मी पानाला कुलूप घातलं. दोनच पत्त्यांना परवानगी ठेवली: रस्त्यांच्या सर्व्हरला आणि त्या साइटला. काकूंच्या धाकटीला नर्स व्हायचं होतं.