हळदीचा डाग आणि पाण्याचे दोन थेंब

“वापरातली चूक आहे, असं फॉर्मवर लिहा आणि घरातल्या कोणाची तरी सही घेऊन या,” शेठ म्हणाले. “महिन्याच्या आत ओटा पिवळा पडतो म्हणजे काय? ग्रॅनाईट आहे, कापड नाही.”

मी फॉर्म बॅगेत ठेवला आणि पाटोद्याची एसटी पकडली.

बीडमधल्या एका दगडाच्या दुकानात मी साइट सुपरवायझर आहे. माप घेणे, ग्राहकाला दगड निवडायला मदत करणे, मिस्त्रीकडून ओटा बसवून घेणे आणि काम संपल्यावर फॉर्ममध्ये खुणा करणे, ही माझी कामे. पाटोद्याचे हे कामही मीच पाहिले होते, आणि दगड कसा निवडला गेला ते मला चांगले आठवत होते.

घरात गयाकाकू, त्यांचा मुलगा आणि सून अर्चनाताई. काळा ग्रॅनाईट घ्यावा, असे काकूंचे म्हणणे होते. अर्चनाताईंना पांढरा दगड हवा होता. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही लहान. “काळ्यावर मुंगी दिसत न्हाई, इंचू तर न्हाईच न्हाई,” त्या म्हणाल्या होत्या. कारण बिनतोड होते.

त्यांनी आधी संगमरवरावर बोट ठेवले. मी नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकला आणि दहा मिनिटांनी पुसला. तिथली चकाकी गेली होती. संगमरवरात चुन्याचा अंश असतो. लिंबू, चिंच, दही यांतले आम्ल तो अंश खाते. या घरात दरवर्षी लिंबाचे लोणचे बरण्या भरून घालतात, म्हणून संगमरवर बाद झाला. ग्रॅनाईटला लिंबाने असे काही होत नाही. मात्र फिकट ग्रॅनाईटमध्ये बारीक छिद्रे अधिक असतात. तेल आणि हळद त्यांतून आत शिरतात. त्यावर उपाय म्हणजे सीलर. हा पाण्यासारखा पातळ द्रव दगडात मुरतो आणि छिद्रे आतून बुजवतो. “सीलर लावून देतो, काळजी करू नका,” असे मी दुकानात उभा राहून सांगितले होते. त्या भरवशावर फिकट ग्रॅनाईट ठरला.

आता त्याच ओट्यावर सिंकच्या बाजूला दोन तळहातांएवढा पिवळा डाग होता.

“या साहेब,” गयाकाकू म्हणाल्या. “सूनबाईला पांढरंच पायजे होतं. बघा आता. आल्या-गेल्याला मी काय सांगू? नव्या घराचा ओटा अन् कावीळ झाल्यावानी दिसतो.”

अर्चनाताई चहा ठेवत होत्या. मी खाली वाकून डाग पाहिला, घासून पाहिला, फोटो काढले. लोणच्याची हळद आणि तेल. फॉर्म काढून मी ओट्यावर ठेवला.

“ह्याच्यात काय लिव्हणार?” अर्चनाताईंनी विचारले.

“डाग वापरामुळे पडला, असं.”

“म्हंजी माझ्यामुळं.”

मी फॉर्मवरच्या सहीच्या जागेकडे पाहिले. तो कागद सहीनिशी दुकानात गेला असता, तर आमच्या दृष्टीने प्रकरण मिटले असते. त्या घरात मात्र ते रोज सकाळ-संध्याकाळ उघडले गेले असते, कारण ओटा रोज डोळ्यांसमोर होता.

अर्चनाताईंनी गॅस बारीक केला. “साहेब, एक इचारू? गॅसच्या बाजूला रोज फोडणी उडती. तितं डाग न्हाई. सिंककडं एकदाच लोणचं कालवलं, तर पडला. हात माझेच, हळद बी तीच. मग दगड दोन जातीचा हाय का?”

“नाही. दोन्ही तुकडे एकाच लादीतून कापले आहेत.”

“मग हे बघा.”

त्यांनी बोट पाण्यात बुडवून एक थेंब गॅसच्या बाजूला सोडला, दुसरा सिंकच्या बाजूला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ओटा इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा होता. दोन तुकड्यांचा जोड कोपऱ्यात होता. थेंब त्या जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे होते. आम्ही तिघे उभे राहिलो. चहा उकळून वर आला, तो काकूंनी उतरवला.

पाच मिनिटांत सिंककडचा थेंब पसरला आणि त्याच्याखाली दगड काळपट झाला. गॅसकडचा थेंब मोत्यासारखा तसाच बसून होता.

“मी तीनदा केलं हे,” अर्चनाताई म्हणाल्या. “दर येळंला असंच व्हतं.”

मी बॅगेतून कामाचा जुना फॉर्म काढला. ‘सीलर’ या शब्दापुढे माझ्याच हातची खूण होती. खाली माझी सही.

मग मला तो दिवस आठवला. गॅसकडच्या तुकड्याला शकीलभाई मिस्त्रींनी माझ्यासमोर सीलर लावला. सिंकचा तुकडा तेव्हा ओला होता, कारण सिंकचे भोक पाडताना कटरवर सतत पाणी सोडावे लागते. ओल्या दगडात सीलर मुरत नाही. शकीलभाई म्हणाले, “उद्या सुकल्यावर येऊन लावतो.” उद्याचे काम आजच झाले असे धरून मी खूण केली. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना दुसऱ्या साइटवर पाठवले.

“काकू,” मी म्हणालो, “यात सूनबाईंची काही चूक नाही. माझी आहे. या बाजूला सीलर लागलाच नाही आणि मी लागला असं लिहिलं.”

गयाकाकूंनी आधी माझ्याकडे पाहिले, मग सुनेकडे. “पंधरा दिस मी हिला बोलले,” त्या म्हणाल्या. “अन् तुमी तिकडं बीडात गुमान बसलते व्हय?”

मी तिथूनच शेठना फोन लावला.

“शेठ, चूक आपली आहे.”

“आपली म्हणजे कोणाची?”

“माझी.”

मी काय झाले ते सांगितले. मग शेठ म्हणाले, “तो नवा फॉर्म फाडा. डाग निघेपर्यंत तिकडं जात राहा. आणि काकूंना माझा नमस्कार सांगा.” ते एवढेच बोलले. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

दगडात मुरलेला डाग घासून निघत नाही. तो ओढून काढावा लागतो. रंगाच्या दुकानात खडूच्या जातीची पांढरी पूड मिळते. औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणले. दोन्ही कालवून श्रीखंडाइतका घट्ट लेप केला, डागावर बोटभर जाड थापला, वर प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप सुकू दिला. सुकताना तो आतला रंग वर ओढून घेतो.

“आमच्यात हळद लावायला सवाष्णी येतात,” काकू म्हणाल्या. “उतरवायला बीडहून माणूस आलेला पैल्यांदाच बघितला.”

अर्चनाताई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या घरात मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होतो.

पहिल्या लेपाने डाग निम्मा फिका झाला. मी आणखी दोनदा गेलो. तिसऱ्या लेपानंतर कडेला नखाएवढी सावली तेवढी उरली. तीन दिवस ओटा कोरडा ठेवला. मग शकीलभाईंना घेऊन गेलो. त्यांनी सीलर लावला, दहा मिनिटे मुरू दिला आणि उरलेला कोरड्या कापडाने पुसून घेतला.

निघण्यापूर्वी काळजीचे नियम सांगितले. सांडलेले लगेच पुसावे. फरशीचे ॲसिड ओट्याला कधीही लावू नये, भांड्यांचा सौम्य साबण पुरतो. तापलेली कढई थेट दगडावर ठेवू नये. सहा महिन्यांनी पाण्याचा थेंब टाकून पाहावा, दगड काळपट झाला तर सीलर पुन्हा लावावा. हा शेवटचा नियम सांगताना मी थांबलो, कारण तो मी अर्चनाताईंकडूनच शिकलो होतो असे म्हटले तरी चालले असते. थेंबाची ही परीक्षा मला या कामातल्या बावीस वर्षांपासून ठाऊक होती. मी ती करत नव्हतो, एवढेच.

“ती सावली ऱ्हायली, तिला अजून एक लेप देऊ का?” शकीलभाईंनी विचारले.

“ऱ्हाऊ द्या,” अर्चनाताई सासूकडे पाहत म्हणाल्या. “आत्याबाईच्या ध्यानात ऱ्हाईल.”

“अगं, ऱ्हाईल की,” काकू म्हणाल्या, आणि लोणच्याची बरणी उचलून त्यांनी स्वतःच्या हाताने सिंकच्या बाजूला ठेवली.

पुढच्या महिन्यात त्यांच्या शेजारणीचा दुकानात फोन आला. फिकट ग्रॅनाईटच हवा होता, आणि दगड निवडायला गयाकाकूंची सून सोबत येणार होती.

आता माझ्या फॉर्मवर ‘सीलर’ या शब्दापुढे खूण करायला जागा नाही. तिथे थेंब किती मिनिटे टिकला ते लिहायचे असते, प्रत्येक तुकड्याचे वेगळे. आकडा मी लिहीत नाही. त्या घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते ती लिहिते, घड्याळ पाहून.