मामाची मांडी

डॉक्टर म्हणाले, "याला हिमोफिलिया म्हणतात." मग आमचे चेहरे पाहून सोप्या शब्दांत सांगू लागले, "याचं रक्त लवकर गोठत नाही. बारीक जखमही वाहत राहते. याच्या मामांपैकी कोणाला असं होतं का?"

माझी धाकटी बहीण यमू लगेच म्हणाली, "न्हाय हो. हा एकच मामा, नि तो धडधाकट हाय."

मी खाली पाहिले.

त्याआधी तीन दिवस थळला, यमूच्या सासरी, तिच्या मुलाचे, वासूचे, कान टोचले. रिवाजाप्रमाणे वर्षाच्या वासूला मी मांडीवर घेतले होते. सोनाराने तार ओवली. हळद दाबली, तरी रक्त थांबेना. माझे धोतर भिजले. शेवटी रेवसहून आगबोटीने मुंबईचे इस्पितळ गाठले.

सोनार तार ओवत असताना मला भाऊ आठवला होता. मी दहा वर्षांचा होतो, तेव्हा माझ्या या थोरल्या भावाचा पाय खडकावरच्या कालवाच्या धारदार शिंपल्याने कापला, रक्त थांबलेच नाही आणि चौथ्या दिवशी तो गेला. यमू तेव्हा आईच्या पोटात होती. आईने मला बजावले, "तापानं गेला म्हन. पोटात पोरगी असली तर तिला सून कोन करून घेईल?" मी ताप म्हणत राहिलो. यमूची सोयरीक झाली तेव्हाही.

डॉक्टरांना मी आता सारे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हा रोग आईकडून मुलाला येतो. आईला स्वतःला सहसा काही होत नाही, कळतही नाही. एखादा मुलगा सुटतो, तसे तुम्ही सुटलात. हिला पुढे मुलगी झाली, तर तिच्याकडूनही तो तिच्या मुलांत जाऊ शकतो."

बाहेर बाकावर यमू एवढेच बोलली, "दादा, तुला ठाव होतं, नि तू त्याला मांडीवर घेतलंस?"

पाचव्या दिवशी रक्त थांबले. घरी यमूच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात असं कवा झालं न्हाय. ही घेऊन आली." मी पुन्हा गप्प बसलो. खरे सांगितले तर यमूलाच जाच होईल, अशी मनाची समजूत घातली.

सहा वर्षांनी वासूचा दुधाचा दात पडला. आगबोट वेळेवर मिळाली, पण या वेळी रक्त थांबले नाही. वासू गेला. यमू टोमणे ऐकत राहिली. मी गेलो की पाण्याचा तांब्या ठेवून आत जायची.

गेल्या वर्षी तिच्या मुलीला, कमळला, पाहायला माणसे आली. चहा आला. सासूबाईंच्या देखत मी भावाचे, वासूचे, डॉक्टरांचे सारे सांगितले. "यमूला काही ठाऊक नव्हतं. लपवलं आम्ही," म्हणालो. पाहुणे चहा न पिताच उठले. सासूबाई खांबाला टेकून बसल्या.

तुमच्या घरात असा कोणी रक्त वाहून गेला असेल, तर सोनाराला बोलावण्याआधी सांगा. सोयरिकीआधी सांगा. एखादे स्थळ जाईल, तर जाऊ दे.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर कमळ म्हणाली, "मामा, मानसं तर पळाली. चहा तरी वाया नको."

यमूने एक कप उचलला, आत जाऊन ऊन करून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. मग समोर बसली.