पिंजऱ्यातला तितर

कोळवणचा हैबतराव म्हणजे शब्दाचा पक्का, असं गाव म्हणायचं. म्हणो बापडं! दोन हजार सहा साली त्यानं वावर विकायला काढलं, तेव्हा देवळापुढं नारळ फुटला, फार्महाऊसवाल्या साहेबानं चारचौघांदेखत त्याच्या हातावर विसार ठेवला, पेढे वाटले. विसार घेतला की जमीन गेल्यात जमा, ही तिथली रीत. पुढचा कागद कोण बघतोय?

पुढं कागद व्हायचाच नव्हता; हैबतरावाचा विसार नुसता देखावा होता. साहेबाला हवी होती शेजारच्या साळूबाईची उताराची जमीन. "तुम्ही पहिले व्हा, बाकीचे आपोआप येतील," साहेब म्हणाला होता. बदल्यात हैबतरावाच्या लेकाला तिथंच राखणदारीची नोकरी. नवरा गेल्यापासून एकटी साळूबाई वर्षभर न्हाई म्हणत होती, ती आठवड्यात राजी झाली. "हैबतभाऊनं दिली, मंग मला कशाचं भ्या?"

तिच्या खरेदीखताच्या दिवशी सकाळी हैबतरावाची नात किमया ओट्यावर शब्दकोश उघडून बसली होती. बारावीच्या धड्यात 'डिकॉय' शब्द अडला होता.

"म्हंजी काय गं?" हैबतरावानं चहा पिता पिता विचारलं.

"दुसऱ्याला भुलवून आणायला पुढं केलेला, आबा. मूळ शब्द डच लोकांचा, त्यांच्यात अर्थ पिंजरा. तळ्यावर जाळी लावायची, माणसाळलेलं बदक सोडायचं. ते निवांत आत जातं, अन् रानबदकं त्याच्या मागनं."

"अन् त्या बदकाला मारत्यात का?"

"त्याला कशाला मारतील? दाणे घालतात. पुन्हा लागतंच की ते."

हैबतरावानं कप खाली ठेवला. तरुणपणी त्यानंही तितर पाळला होता. पिंजरा झुडपात ठेवायचा. हा ओरडला की रानातले तितर येऊन फासात अडकायचे. घरी आल्यावर त्याला मूठभर नाचणी घालायची. तेव्हा त्या पाखराचं कौतुक वाटायचं. आज हैबतरावाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तो अनवाणीच एसटीच्या थांब्याकडं पळाला. सांगून टाकायचं, लेकाची नोकरी गेली खड्ड्यात! साहेबाची जीप उभीच होती. मागच्या बाकावर ठेवणीतलं लुगडं नेसलेली साळूबाई.

"साळूबाई, माझं ऐक..." त्याला धाप लागली होती.

"बरं झालं बाबा आलास!" तिनं सरकून जागा केली. "पौडच्या कचेरीत जाऊन अंगठा द्यायचा, सकाळपासनं हातपाय कापत्यात माजे. तू संगं हायेस, आता न्हाई कापायचे."

साहेब पुढच्या बाकावरून वळून हसला. "या हैबतराव, तुमचीच वाट बघत होतो."

बोल की रं मेल्या! पण लाज आडवी आली. आपण काय केलं हे त्या बाईच्या तोंडावर सांगायचं कसं? त्यानं मान खाली घातली आणि साळूबाईशेजारी जाऊन बसला.