दहा मिनिटांचा मिस्त्री

महिना होत आला त्या गोष्टीला. सकाळी दूध आणायला गेलो, तर डेअरीवाल्यानं माप ओतता ओतता सांगितलं, "सर, कळलं का? तो दहा मिनिटांचा मिस्त्री गेला की काल." शेजारी उभे असलेले दोघं हसले. माणूस मेल्याच्या बातमीवर हसण्याइतके ते वाईट नव्हते, पण त्या नावावर हसायची सगळ्या शिवाजी पेठेला सवयच लागली होती. आणि ते नाव ठेवलं होतं मी... सुदाम माझा शाळेपासूनचा दोस्त. मी मास्तर झालो, तो गाड्यांचा मिस्त्री. त्याला पोचवायला मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

वर्षानुवर्षं बंद पडून असलेल्या गाड्या ही सुदामची खासियत. त्याचा शब्द 'बसलेली गाडी'. "मास्तर, गाडी चालून बिघडत न्हाय, बसून बिघडते," हे त्यानं मला शंभरदा ऐकवलं असेल. बसलेली गाडी समोर आली की लोक घाईनं बॅटरी जोडून स्टार्टर मारायला जायचे आणि तो त्यांच्यावर खेकसायचा. आधी टाकीचं टोपण उघडायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटून वास घ्यायचा. ताजं पेट्रोल नाकाला झोंबतं, शिळं जुन्या वार्निशासारखा वास मारतं. गाडी दोन वर्षं बसलीय की पाच, हे तो वासावरून सांगायचा आणि बहुतेक बरोबर निघायचं. मग टाकी, मग नळ्या, मग पंप आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. "दुखणं पोटात आन् हे घसा बघत बसत्यात," असं बाकीच्या मिस्त्र्यांबद्दल म्हणायचा. त्याचं घर छप्पन्नच्या दीक्षेनंतरचं बौद्ध. पेठेतल्या जुन्या मिस्त्र्यांनी त्याला कधी सरकून जागा दिली नव्हती. ती त्यानं स्वतःच्या नाकाच्या जोरावर मिळवली होती, आणि त्याला पंधरा वर्षं लागली होती.

आमच्या वडिलांची पेट्रोल जीप त्यांच्या माघारी सहा वर्षं शाहूवाडीकडच्या आमच्या शेतावर छपरात बसून होती. पंच्याण्णव-शहाण्णव साल असावं. आईनं हट्ट धरला, यंदा त्यांच्या श्राद्धाला गावी त्याच गाडीतून जायचं. सुदामनं ती ओढून आणवली, वास घेतला आणि टाकी उतरवली. आतलं पाणी परातीत ओतून मला दाखवलं. चहाच्या रंगाचं गंजकं पाणी, तळाशी लाल चिखल. टाकी खडे घालून हलवून हलवून धुतली, कडक झालेल्या रबरी नळ्या बदलल्या, पंपाचा फाटका पडदा बदलला, कार्बोरेटरची बारीक भोकं चिकटून बंद झालेली, ती एकेक मोकळी केली. तीन आठवडे खपला. गाडी अशी सुरू झाली की आईच्या डोळ्याला पाणी आलं.

आता माझी अक्कल ऐका. ते गंजकं पाणी माझ्या डोक्यातून जाईना. टाकीच्या टोपणाला मधोमध एक बारीक भोक मला दिसलं. म्हटलं, पाणी इथूनच जात असणार. सुदामच्या नजरेतून एवढं निसटलं, मी पकडलं, याचा मला कोण आनंद. शाळेत उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर मोहोर करायची लाख घरात होती. दोन थेंब वितळवून ते भोक बुजवलं आणि विसरून गेलो. पेट्रोल जसं खाली जातं तशी वरून हवा आत यावी लागते, त्यासाठीच ते भोक असतं, हे शिकलेल्या मास्तराला ठाऊक नव्हतं.

गाडी दहा मिनिटं चालायची आणि आचके देत बंद पडायची. बराच वेळ थांबलं की पुन्हा दहा मिनिटं. मी सुदामकडं न्यायचो. तो सवयीनं आधी टोपण उघडायचा, वास घ्यायचा, टोपण लावायचा. उघडल्याबरोबर हवा आत जायची, मग कसली बंद पडतेय ती? पेठेतून पाच मिनिटांची फेरी मारून यायचा, गाडी तोऱ्यात. त्याचं नाकच त्याला फसवत होतं. एकदा त्यानं विचारलं, "मास्तर, तू कशाला हात लावलायस का?" मी चिडून म्हणालो, "मी कशाला लावू?" लाखेचे दोन थेंब म्हणजे हात लावणं, असं तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी मलकापूरच्या अलीकडं गाडी चार वेळा बंद पडली. भर उन्हात आई रस्त्याकडेला पदर डोक्यावर घेऊन बसलेली. गावी पोचलो तेव्हा पान वाढायची वेळ टळून गेली होती. आई मला काही बोलली नाही, त्यानं माझं डोकं जास्तच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पेठेत परतल्यावर, तालमीपुढच्या चौकात, वीस-पंचवीस माणसांसमोर, मी सुदामला नाही नाही ते बोललो. "ह्याला मिस्त्री कोण म्हणतं? हा दहा मिनिटांचा मिस्त्री," म्हणालो. लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "असल्यांकडं गाडी द्यावीच कशाला?" 'असल्यांकडं' म्हणजे काय ते मला कळलं, सुदामलाही कळलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तेवढं जरी खोडून काढलं असतं... मी गप्प बसलो.

पुढं ते नाव पेठेनंच उचललं. दमलेला खेळाडू दहा मिनिटांचा मिस्त्री, भाषणात अडखळणारा पुढारी दहा मिनिटांचा मिस्त्री. सुदामकडं गाड्या येईनाशा झाल्या. त्यानं स्वतःच्या गॅरेजचं शेड सोडलं आणि दुसऱ्याच्या गॅरेजात पान्हे धरायला गेला. दोन वर्षांनी गावाकडच्या एका ड्रायव्हरनं, गाडी बंद पडल्यावर टोपण फिरवलं, तर फस्सकन हवा आत गेली. त्यानं नखानं लाख खरवडली आणि मला विचारलं, "हे कुठल्या शहाण्यानं केलंय?" त्या दिवसापासून जीप कधी बंद पडली नाही. पेठेत लोक विचारायचे, "चांगला मिस्त्री मिळाला वाटतं?" मी "हो" म्हणायचो. खरं सांगतो, "हो" म्हणायचो. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत नऊ-दहा वर्षं सुदामकडं गेलो नाही.

परवा शेवटी त्याच्या घरी गेलो. शांतावहिनींनी बसायला सांगितलं. मी लाखेचं सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "भावजी, जेवता जेवता त्येंचा हात थांबायचा. म्हणायचं, शांते, त्या जीपमधी माझं काय राह्यलं असंल गं? टाकी केली, पंप केला, नळ्या केल्या... बोटं मोजायचं. ऐकून कटाळा आला मला. दवाखान्यातबी त्येच." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आन् तुमास्नी ठावं हुतं. हितनं दहा पावलांवर ऱ्हाता की तुमी." मी मान खाली घातली. म्हणालो, वहिनी, मला क्षमा करा. त्या उठल्या. "मला सांगून काय करू त्येचं? चौकात बोललासा न्हवं, चौकातच जाऊन सांगा."

गेलो. संध्याकाळी कट्ट्यावर त्या दिवशीचे चार-पाच जण होतेच. उभं राहून सगळं सांगितलं. भोक, लाख, हवा, आणि सुदामची काडीचीही चूक नव्हती, चूक माझी होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, मन मोठं हाय तुमचं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं." मी म्हणालो, "अहो, चांगलं नाही, खरं सांगतोय." तो म्हणाला, "व्हय व्हय, खरंच की," आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. जितकं सांगावं तितक्या प्रेमानं ते माना हलवत होते. त्याच चौकात खोटं बोललो होतो, तेव्हा मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं.